वर्गात आई नसते

माझी भावजय सुनेत्रा हिला मी कधी शहाणी म्हटलं नाही आणि आताही म्हणणार नाही. पण तिच्याइतकी चांगली शिक्षिका मी दुसरी पाहिलेली नाही, हेही तितकंच खरं. एकाच बाईत या दोन्ही गोष्टी नांदू शकतात. नांदल्या की काय होतं ते मी गेल्या वर्षी पाहिलं, आणि माझा राग अजून गेलेला नाही.

ती जत तालुक्यातली. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी, आणि शाळा एवढीशी की पहिली ते चौथी ते एकटेच शिकवायचे. साहजिकच सुनेत्रा बापाच्याच वर्गात. शाळेच्या आवारात त्यांना बाबा म्हणायचं नाही, गुरुजी म्हणायचं. पाढा चुकला तर इतरांना एक छडी, हिला दोन, कारण गुरुजी पोटच्या पोरीला झुकतं माप देतात असं गावात कुणी म्हणता कामा नये. ही हकिकत मी तिच्या लग्नापासून ऐकत आले आहे. सांगताना तिचा चेहरा फुलतो. मला मात्र दर वेळी त्या गुरुजींचे कान उपटावेसे वाटायचे.

माझा धाकटा भाऊ जयंत जर्मनीत, डार्मश्टाटला गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर आहे. मीही तिथेच, विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत. सुनेत्रा लग्न होऊन आली तेव्हा तिच्या डी.एड.ला इथे कुणी विचारलं नाही. मग ती भाषेपासून सगळं पुन्हा शिकली. पाळणाघरात मुलांची नाकं पुसत, लेकीला, ऊर्जाला, कडेवर घेऊन तिने पुन्हा शिक्षिकेची पदवी मिळवली. आणि एवढं करून हातात आलं काय, तर फरट्रेटुंग. म्हणजे कुणी बाई बाळंतपणाच्या रजेवर गेली की तिच्या वर्गावर ही, आणि ती बाई परत आली की ही घरी. मुलांची नावं पाठ होतात तोवर निरोपाची वेळ. तिला एकच गोष्ट हवी होती आणि ती मागताना तिला लाज वाटत नसे.

"ताई, मला माझा वर्ग हवा," ती म्हणायची. "पहिलीत आलेलं मूल चौथीतून बाहेर पडेपर्यंत माझ्या हाताखाली."

तो वर्ग तिला मिळाला उत्तर समुद्रात. त्या बाजूला हालिग म्हणून जमिनीचे तुकडे आहेत. बांध नाही, झाड नाही, नुसतं गवत, आणि मधूनमधून मातीचे उंचवटे, त्यांना वार्फ्ट म्हणतात. त्या उंचवट्यांवर घरं. वादळात समुद्र गवतावर चढतो आणि फक्त वार्फ्ट वर राहतात. हूनओग नावाच्या अशा एका हालिगला शिक्षक हवा होता. सुनेत्राने अर्ज केला. त्यांनी तिला प्रात्यक्षिक पाठ घ्यायला बोलावलं, आणि शक्य असेल तर मुलीलाही आणा असं कळवलं. किती माणुसकीची माणसं आहेत, असं ती आम्हाला सांगत होती.

त्या पाठाचं वर्णन मी इतक्यांदा ऐकलं की तो मीसुद्धा घेऊ शकेन. स्टीलच्या परातीत पाणी, मध्ये वाळूची ढेकळं, आणि परात हळूहळू तिरकी करत भरती-ओहोटी. समुद्रातच जन्मलेल्या मुलांना ही जतची बाई भरती शिकवत होती, आणि मुलं माना पुढे करून बघत होती. हालिगचा महापौर मोम्मे, गुरं-मेंढ्या पाळणारा आडदांड माणूस, मागे उभा राहून ऐकत होता. पाठ संपल्यावर त्याने ऊर्जाच्या हातात मेंढीचं कोकरू दिलं आणि याचं नाव तू ठेव म्हणाला. आठवड्याभरात सुनेत्राची नेमणूक झाली. इतर अर्जदारांत चांगली अनुभवी माणसं होती, तरी त्यांनी मला घेतलं, परातीने काम केलं, असं ती म्हणाली. जयंतला नोकरी सोडणं शक्य नव्हतं. तो अधूनमधून जाऊन येईल असं ठरलं, आणि ऑगस्टमध्ये सुनेत्रा सात वर्षांच्या ऊर्जाला घेऊन हूनओगला राहायला गेली.

शाळेत मुलं तीन. मोम्मे आणि त्याची बायको फ्राउके यांची दोन, चौथीतला टाडे आणि तिसरीतली इन्के, आणि दुसरीत आमची ऊर्जा.

मी ऑक्टोबरच्या सुट्टीत पहिल्यांदा गेले. सुट्टी आमच्याकडे होती, तिच्याकडे नव्हती, त्यामुळे शाळा बघायला मिळाली. सकाळी उठून सुनेत्रा आधी खिडकीतून पाणी कुठवर आहे ते बघायची आणि मग चहा टाकायची. किराणा बोटीने यायचा, आणि बोट भरतीच्या वेळेनुसार, त्यामुळे मी पाठवलेली कणीक धक्क्यावरच्या शेडमध्ये दोन दिवस पडून राहिली होती. कुंडीतली कोथिंबीर खाऱ्या वाऱ्याने करपली होती. आठ वाजता समोरच्या वार्फ्टवरून टाडे आणि इन्के वाऱ्याला छाती देत सायकलवर यायची. एकाच खोलीत एकाला अपूर्णांक, दुसरीला शुद्धलेखन, तिसरीला पाढे. बाई एका बाकावरून दुसऱ्या बाकाकडे जात राहायची, आणि ज्याच्याकडे पाठ असेल त्यालाही ती आपल्याकडेच बघते आहे असं वाटायचं. खेळाचा तास मोम्मेच्या गोठ्यात, गवताच्या गठ्ठ्यांवर. आठवड्यातून एक तास फ्राउके येऊन तिथली फ्रिझियन भाषा शिकवायची आणि तेव्हा सुनेत्रा मुलांबरोबर बाकावर बसून शिकायची. मी मनात म्हटलं, पोरीने जिंकलं.

मग मी ते दार पाहिलं. शाळा आणि शिक्षकाचं घर एकाच छपराखाली, मध्ये एक दार. दाराच्या या बाजूला स्वयंपाकघर, त्या बाजूला वर्ग. सुनेत्राचा नियम असा, की दार ओलांडलं की आई नाही. ऊर्जानेही इतरांसारखंच फ्राउ परचुरे, म्हणजे परचुरे बाई, म्हणायचं. इतर दोघं पार्खुरे म्हणत, तिथे सगळे तसंच म्हणतात. वर्गात ऊर्जाचा हात वर असला तरी तिला सगळ्यांच्या शेवटी विचारायचं. तिन्ही चित्रं भिंतीवर लागली तर तिचं खालच्या कोपऱ्यात. चूक झाली तर इन्केला समजावून सांगायचं, ऊर्जाला पुन्हा लिहायला लावायचं. शाळा सुटताना बाई दारात उभी राहून प्रत्येकाशी हात मिळवायची आणि मुलं आउफ विडरझेएन, फ्राउ पार्खुरे म्हणून जायची. ऊर्जाही हात मिळवून जायची, बाहेरून वळसा घालून घराच्या पायरीवर येऊन बसायची. सुनेत्रा आतून मधलं दार उघडून घरात यायची, बाहेर डोकावून मराठीत म्हणायची, शाळा सुटली. ते ऐकलं की मुलगी आई म्हणून धावत येऊन तिला बिलगायची. पोरीला मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्ये. तिच्या तोंडात मराठीचे दोनच शब्द शिल्लक होते, आई आणि आत्या.

मी असतानाच एकदा समुद्र गवतावर चढला. तिथे त्याला लांडउंटर म्हणतात आणि त्या दिवशी शाळा नसते, कारण कुणी येऊच शकत नाही. टाडे-इन्के घरी राहिली. पण ऊर्जा दाराच्या अलीकडेच होती. तर आठ वाजता या बाईने तिला दप्तर अडकवायला लावलं, मधलं दार उघडलं आणि तीन बाकांच्या रिकाम्या खोलीत एकटीला उभं करून गुटन मॉर्गन, फ्राउ परचुरे म्हणायला लावलं. चारी बाजूंना पाणी आणि आत या दोघी सातचा पाढा म्हणताहेत. मी संध्याकाळी तिच्याशी भांडले. वर्गात कुणी नसताना पक्षपात कुणाशी होणार होता, असं विचारलं. सवय मोडायला एक दिवस पुरतो, असं ती शांतपणे म्हणाली, आणि पुन्हा गुरुजींची दोन छड्यांची गोष्ट सांगू लागली.

फेब्रुवारीत मी पुन्हा गेले, कारण ऊर्जाने फोनवर हट्ट धरला होता. एकवीस फेब्रुवारीला त्या साऱ्या किनाऱ्यावर बीके पेटवतात, आपल्या होळीसारखी मोठी शेकोटी. नाताळची वाळलेली झाडं, समुद्राने फेकलेली लाकडं, मोडके कुंपणाचे खांब, हे सगळं मुलं महिनाभर गोळा करतात. हूनओगची रीत अशी, की मशाल शाळेतल्या एका मुलाच्या हाती द्यायची, आणि ते मूल कोणतं हे शिक्षकाने सगळ्यांसमोर जाहीर करायचं. एखादं नवं कुटुंब राहायला आलं असेल, तर त्या वर्षी मशाल त्यांच्या मुलाची. हे कुणी बोलून दाखवत नाही. आग लावली की ते घर हालिगचं झालं, असं मानतात.

सुनेत्राला हे कळायला पुरेशा गोष्टी घडल्या होत्या. मोम्मेने तिला, ऊर्जा आगीला घाबरते का, असं विचारलं होतं. घरात मी तिला काडेपेटीला हात लावू देत नाही, काळजी करू नका, असं हिने उत्तर दिलं. मशाल टेकवताना म्हणायची फ्रिझियन ओळ फ्राउके ऊर्जाकडून घोकून घेत होती. तिने तिच्यासाठी लाल लोकरीची टोपीही विणली. ती ओळ पोरीने मला फोनवर इतक्यांदा म्हणून दाखवली की माझीच पाठ झाली.

त्या संध्याकाळी सगळं हालिग ढिगाऱ्याभोवती जमलं होतं. मोम्मे मशाल घेऊन उभा. ऊर्जा लाल टोपी घालून पहिल्या रांगेत, ओठ हलवत ओळ म्हणून बघत होती. सुनेत्रा पुढे आली आणि तिने स्वच्छ आवाजात नाव घेतलं, इन्के.

टाळ्या लगेच वाजल्या नाहीत. इन्के गोंधळून म्हणाली की मी गेल्या वर्षीच लावली होती. त्यावर सुनेत्राने वर्गातल्यासारखं समजावलं, की या महिन्यात सगळ्यात चांगलं काम इन्केचं झालं, म्हणून मान तिचा. मोम्मेने बायकोकडे पाहिलं. मग त्याने मशाल स्वतःच्या मुलीच्या हातात दिली. आग धडधडून पेटली. ऊर्जा रडली नाही. तिने टोपी काढून कोटाच्या खिशात कोंबली आणि माझा हात धरला.

नंतर मोम्मेच्या घरी सगळ्यांना केल नावाची पालेभाजी आणि बटाटे होते. सुनेत्रा पलीकडच्या टेबलावर म्हाताऱ्यांशी बोलत होती, आज आपण फार न्यायाने वागलो अशा चेहऱ्याने. फ्राउके माझ्या शेजारी येऊन बसली आणि मशालीची रीत तिने मला समजावून सांगितली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. ती म्हणाली, "आमच्याकडे एका गृहस्थाचाही अर्ज होता. वीस वर्षं शिकवलेला माणूस, पण एकटा. टाडे उन्हाळ्यानंतर किनाऱ्यावरच्या शाळेत जाणार. मग मागे राहणार एकटी इन्के, आणि एका मुलासाठी शाळा ठेवत नाहीत. म्हणून आम्ही मुलगी असलेली बाई घेतली. आज त्या बाईंनी सांगून टाकलं की मुलगी आम्हाला द्यायची नाही."

दुसऱ्या दिवशी तिथे सणाची सुट्टी असते. सुनेत्रा तरीही वर्गात फळा पुसत होती. मी तिला रीत सांगितली, टोपी कशासाठी होती ते सांगितलं. तिचा हात थांबला.

"स्वतःच्या मुलीचं नाव घेतलं असतं तर लोक काय म्हणाले असते, ताई?"

"लोक तेच ऐकायला उभे होते, सुनेत्रा."

मग फ्राउके काय बोलली तेही सांगितलं. सांगायला नको होतं, असं जयंत अजून म्हणतो. मला तसं वाटत नाही. खोट्या आधारावर उभ्या असलेल्या माणसाला कधीतरी कुणीतरी सांगावंच लागतं. तिने ओलं फडकं घडी घालून ठेवलं. म्हणाली की माझा पाठ बघूनच त्यांनी मला घेतलं, मोम्मेने परातीचा प्रयोग घरी करून पाहिला होता, त्याने स्वतः सांगितलं. पाठ संपल्यावर मोम्मेने कोकरू कुणाच्या हातात दिलं होतं, हे तिलाही त्या क्षणी आठवलं असावं, कारण ती ऊर्जाच्या बाकावर जाऊन बसली.

त्या दुपारी जेवताना ऊर्जाने ताट पुढे केलं आणि जर्मनमध्ये विचारलं, फ्राउ परचुरे, मला अजून वरण मिळेल का. सुनेत्रा हसली. आपण घरात आहोत, शाळा सुटली, असं तिने सांगितलं. हो, फ्राउ परचुरे, असं उत्तर आलं. त्यात चिडवणं नव्हतं, आवाज चढलेला नव्हता. वर्गात जसा नियम पाळायची तसाच ती आता घरात पाळत होती. आईनेच शिकवलं होतं, आणि मुलगी हुशार होती.

मला वाटलं चार दिवसांचा रुसवा आहे. मार्च गेला, रानबदकं आली आणि उडून गेली, तरी आई हा शब्द काही परत आला नाही. सुनेत्रा मला फोन करून सांगायची. तिने वर्गात मुलीला सगळ्यांच्या आधी विचारायला सुरुवात केली, पण आता ऊर्जा हातच वर करत नव्हती. तिने चित्र मध्यभागी लावलं, तर मुलीने ते काढून पुन्हा कोपऱ्यात लावलं. रात्री कुशीत घेतलं तर ती पडून राहायची, पण तिचे हात पांघरुणाच्या आतच असायचे. हे सांगताना सुनेत्रा रडली, आणि मीही तिच्यावर ओरडायचं सोडून रडले.

जूनमध्ये मोम्मे शाळेच्या घरी आला. बरोबर ते कोकरू, आता चांगली वाढलेली मेंढी. त्याने आईशी बोलणं टाळलं, गुडघ्यावर बसून ऊर्जालाच विचारलं की पुढच्या वर्षी तू इथे आहेस ना. ऊर्जाने मेंढीच्या मानेत बोटं घातली आणि म्हणाली की मला डार्मश्टाटला पपाकडे जायचंय. मोम्मे मान हलवून निघून गेला.

आठ वर्षांच्या मुलीच्या शब्दावर शाळा बंद होत नसते. सुनेत्राने नाही म्हटलं असतं तर ऊर्जा राहिली असती, इन्के राहिली असती आणि तिचा वर्गही राहिला असता. तिने नाही म्हणावं असंच जयंतचं मत पडलं. तो माझ्या स्वयंपाकघरात बसून फोनवर तिला समजावत होता, की एक वर्ष काढू, पोर विसरून जाईल, तुझ्या इतक्या वर्षांच्या कष्टांचं काय. फोन स्पीकरवर होता.

"जयंत, तिची बाई म्हणून सांगते," सुनेत्रा म्हणाली. "हे मूल माझ्या वर्गात सुकत चाललंय. दुसऱ्या कुणाचं असतं तर मी पालकांना केव्हाच सांगितलं असतं, की शाळा बदला."

"आणि आई म्हणून?"

"आईला इथे कुणी विचारत नाही."

जुलैत शाळा संपली. जयंत कामासाठी परदेशी होता, म्हणून ऊर्जाला आणायला मी गेले. सुनेत्राला मागे थांबणं भाग होतं. पुस्तकं खोक्यांत भरायची, भिंतीवरची चित्रं उतरवायची, किल्ल्या मोम्मेकडे द्यायच्या. पुढच्या वर्षासाठी खात्याने तिला किनाऱ्यावरच्या एका गावात नेमलं होतं, पुन्हा दुसऱ्या कुणाच्या रजेच्या जागी.

धक्क्यावर झाडून सगळे आले होते. इन्के हुंदके देत होती, आणि का देऊ नये, तिलाही आता घर सोडून किनाऱ्यावर राहावं लागणार होतं. फ्राउकेने ऊर्जाला पोटाशी धरलं आणि तिच्या डोक्यावर ती लाल टोपी घातली, ऐन उन्हाळ्यात. पोरीने ती राहू दिली. मोम्मेने सुनेत्राचा हात हातात घेतला आणि म्हणाला, तुम्ही फार चांगल्या शिक्षिका आहात, आमच्या मुलांना अशी बाई मिळाली नव्हती. तो मनापासून बोलत होता. हेच ऐकण्यासाठी ती वर्षभर झटली होती, आणि ते तिला बोट सुटताना मिळालं. तिने डांकं म्हणून आभार मानले.

मग ऊर्जा तिच्यासमोर आली. दप्तर नीट अडकवलेलं, पाठ ताठ. तिने उजवा हात पुढे केला.

"आउफ विडरझेएन, फ्राउ पार्खुरे."

आजवर ती एकटीच ते आडनाव नीट म्हणत असे. सुनेत्राने तो एवढासा हात धरला, रोज दारात धरायची तसाच. तिला तो सोडवत नव्हता हे मला दिसत होतं. मग ती तिथेच, सगळ्यांसमोर, ओल्या लाकडाच्या फळ्यांवर गुडघे टेकून बसली आणि मराठीत म्हणाली, "ऊर्जा, शाळा सुटली."

"मला माहीत आहे," ऊर्जा जर्मनमध्ये म्हणाली. तिने हळूच हात सोडवून घेतला, माझ्याकडे वळून आत्या अशी हाक मारली आणि माझ्याआधी बोटीत चढली.